नव्या फोनमधलं नाव

“आई, नुसतं नाव घे. फोन आपोआप लागेल,” मधुरा म्हणाली.

प्रभावतीबाईंनी नवा फोन तोंडाशी धरला, घसा साफ केला आणि फोन पुन्हा मांडीवर ठेवला.

नाव घ्यायचं होतं नवऱ्याचं. लग्न होऊन काशीतल्या मंगला गौरी मंदिराजवळच्या या घरात आल्यापासून त्यांनी ते उखाण्याबाहेर कधी उच्चारलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं त्यांच्या आईने बजावलं होतं. खोटं असेलही. पण पडताळून कोण बघतं? मोतीबिंदूमुळे पडद्यावरची अक्षरं दिसत नव्हती, त्यामुळे बोलून फोन लावण्यावाचून गत्यंतरही नव्हतं.

जुन्या अँड्रॉइड फोनला हा पेच कधी पडला नाही. त्यात नवऱ्याचा नंबर ‘अहो’ याच नावाने होता. बाई “अहोंना लाव” म्हणायच्या, फोन लावायचा. संसार सुरळीत चालला होता.

पण हल्ली श्रीराम गुरुजी विसरू लागले होते. जन्मभर पाठशाळेत संस्कृत शिकवलेला माणूस गेल्या महिन्यात दूध आणायला म्हणून बाहेर पडला आणि दशाश्वमेध घाटावर सापडला. मधुरा पुण्याच्या बँकेतून रजा टाकून धावत आली. तिच्या घरी सगळ्यांकडे आयफोन. आईबाबांचेही फोन बदलले की बाबा कुठे आहेत ते तिला तिकडे बसून नकाशावर दिसणार होतं. तिने दोघांना नवे फोन घेतले. जुन्यातलं सगळं नव्यात आणलं. फोटो आले, आरत्या आल्या, नातवाचे व्हिडिओ आले. आणता आणता तिने नावांची साफसफाईही उरकली. ‘वरची’ होती त्या वरच्या मजल्यावरच्या शेजारणीची निवेदिता झाली आणि ‘अहो’ होते त्यांचे श्रीराम झाले.

“फोनमध्ये ‘अहो’ कोण ठेवतं गं? उद्या बाबा कुठे हरवले आणि दुसऱ्या कुणी तुझा फोन उघडला, तर त्याला काय कळणार?”

“अगं पण मला कळतं ना.”

“मग उखाण्यात घे!”

बाईंनी पदर सावरला आणि फोनला ऐकवलं, “काशीत नांदले, घडले चारी धाम, संसारात सोबतीला आहेत श्रीराम.”

फोनने चारधाम यात्रेची माहिती काढून दिली. मधुरा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पलंगावर बसलेले गुरुजीही हसले, कशाला ते ठाऊक नसताना.

“जमेल हळूहळू,” म्हणून मधुरा पुण्याला परतली.

त्याच आठवड्यात प्रभावतीबाई दुपारची डुलकी काढून उठल्या तर दार सताड उघडं आणि पलंग रिकामा. त्यांनी फोन तोंडाशी नेला. “अहोंना लाव,” त्या सवयीने म्हणाल्या. फोन ढिम्म. मग त्यांनी डोळे मिटले, मनातल्या मनात आईची क्षमा मागितली आणि म्हणाल्या, “श्रीरामांना फोन लाव.”

फोन लगेच लागला. घंटी वाजली ती खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात. मधुराच्या नकाशावर बाबा घरीच होते.

बाई तशाच अनवाणी निघाल्या. आधी खालचा पंचगंगा घाट पाहिला. तिथे नव्हते. मग काठाकाठाने पुढे चालत राहिल्या. मणिकर्णिकेवर चिता जळत होत्या. बाईंनी मान वर केली नाही. आजच नाव घेतलं आणि आजच हे झालं. आईचं म्हणणं खरं निघालं तर? त्यांनी पावलं झपझप उचलली. दशाश्वमेधावर आरतीसाठी माणसं जमायला लागली होती. त्या गर्दीत नुसत्या हाका ऐकू येत होत्या.

ती गर्दी मागे टाकून अहिल्याबाई घाटावर आल्या, तेव्हा खालच्या पायरीवर एक पाठ दिसली. डोळ्यांना नीट दिसत नसलं तरी खांद्यावर पंचा टाकायची ती ढब त्यांनी कुठेही ओळखली असती. शेजारी एक नावाडी उकिडवा बसून विचारत होता, “बाबा, नाम त बतावा. घर कहाँ हौ?” गुरुजी आपल्या तळहाताकडे बघत होते. त्यांना काही आठवत नव्हतं.

आता नाव घेतल्याशिवाय एवढ्या गोंगाटात कोण वळणार? एकदा घेतलंच होतं, आणखी काय व्हायचं राहिलं? बाईंनी होता नव्हता तेवढा जोर लावला.

“श्रीराम!”

वरच्या पायरीवरच्या यात्रेकरूंनी “जय श्रीराम” म्हटलं. गुरुजींनी मागे वळून न बघता हात जोडले आणि कपाळाला लावले. देवाचं नाव कानावर पडलं की लावतात तसे.

बाई मटकन खाली बसल्या. त्यांना रडूच फुटलं. ज्या नावाला त्या जन्मभर जपत आल्या, ते नाव या माणसाच्या लेखी आता परक्याचं होतं. थोड्या वेळाने त्यांनी पदराने डोळे पुसले आणि नेहमीच्या, स्वयंपाकघरातून हाक मारायच्या आवाजात म्हणाल्या,

“अहो, येताय ना घरी?”

गुरुजी झटकन वळले. बाईंना बघून त्यांचा चेहरा उजळला. धोतर झटकत ते उठले आणि नावाड्याला म्हणाले,

“नाम पूछ रहे थे न भैया? सुना? यही है हमारा नाम.”