हत्तीला कोण उठवणार

"मग कावळा हत्तीला काय म्हणाला?" बाईंनी अंधारात विचारलं.

आडव्या पडलेल्या कपाटामागून घोगरा आवाज आला, "ऊठ रे ढोल्या, रस्ता अडवलास."

बाईंनी डोळे मिटले. उघडे ठेवले काय नि मिटले काय, सारखंच होतं. म्हणजे कावळा आत होता. शेजारच्या बांधकामाची भिंत बालवाडीच्या छपरावर कोसळली तेव्हा आपण "पळा, बाहेर पळा" असं ओरडलो, एवढं त्यांना आठवत होतं. पुढचं नाही. शुद्ध आली तेव्हा पाय तुळईखाली अडकलेला आणि तोंडात माती. पोरं पळाली असतील, ही एक आशा होती. कावळ्यानं ती संपवली.

"शाबास. आणि बेडूक?"

"डराव. उठला नाहीस तर पाठीवर नाचेन." शेवटी त्याची नेहमीची, उचकीसारखी खिक्.

बेडूकही आत.

गोष्ट बाईंनीच रचलेली होती. रस्त्यात हत्ती झोपलाय आणि एकेक जनावर त्याला उठवायला येतंय. प्रत्येक मुलाला आपलं जनावर, आपलं वाक्य. नियम एकच, आपला नंबर आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मोठ्या बाई दारातून डोकावून म्हणायच्या, "अंक कधी शिकवणार? की हत्तीच मोजत बसणार वर्षभर?" बाई हसून वेळ मारून न्यायच्या. बोबडी शेळी पहिल्यांदा न रडता शाळेत बसली ती या हत्तीपायी, हे मोठ्या बाईंना कुठल्या रकान्यात भरून दाखवायचं?

"शेळीताई?"

"उथ ना ले दादा, मला तिकले जायचंय."

"आणि मांजर?"

"म्याव. उठतोस का बोचकारू? बाई, मला शू लागली."

मांजराला गोष्टीच्या मध्यावर शू लागायचीच. बाईंना हसू आलं. "तिथेच कर राजा. आज कोणी रागावणार नाही."

तापाच्या साथीमुळे आज पाचच मुलं आली होती. चौघं बोलली. राहिली मुंगी.

मुंगी शाळेत कधीच बोलली नव्हती. "घरी तरी बोलते का?" असं बाईंनी तिच्या आईला विचारलं होतं. कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी राहून आलेली आई म्हणाली होती, "ऐकते हो. सगळं ऐकते." म्हणून बाईंनी तिला मुंगी दिली. मुंगी हत्तीच्या कानात शिरते, काहीतरी सांगते, ते कोणालाच ऐकू येत नाही, आणि हत्ती उठतो. मुलगी नुसते ओठ हलवायची. ते दिसले की बाई हत्ती होऊन धडपडत उठायच्या आणि वर्ग खिदळायचा.

"मग आली मुंगी," बाई म्हणाल्या. "हत्तीच्या कानात शिरली. आणि म्हणाली…"

वरून माती सळसळली. बाकी काही नाही.

"मुंगे, आज अंधार आहे गं. ओठ दिसत नाहीत मला. आज जरा आवाज काढ."

बाईंनी मान उचलून कान लावला.

"कावळ्या, मुंगी तुझ्याजवळ आहे का रे? हात लावून बघ."

"ऊठ रे ढोल्या, रस्ता अडवलास," कावळा हळूच म्हणाला. बिचाऱ्याला तेवढंच सुचत होतं.

बाईंनी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून घेतली. मग पुन्हा. दर वेळी चौघं ओळीनं बोलली. एरवी बेडूक कावळ्याला धड वाक्य पुरं करू द्यायचा नाही. आज कोणी कोणाचं बोलणं तोडत नव्हतं. भीतीनं पोरं शहाणी होतात, असं बाईंना वाटलं आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. दर वेळी मुंगीपाशी गोष्ट अडली.

"तुला मुंगी द्यायलाच नको होती मी," त्या म्हणाल्या. पायाची जाणीव आता राहिली नव्हती. "वाघ द्यायचा होता. वाघ हो बाळा. डरकाळी फोड. नाहीतर मला शिवी दे, कुठलीही. नुसतं खोक तरी."

कोणी खोकलं नाही.

बाई रडल्या, पण आवाज न करता. पलीकडे चौघं ऐकत होती.

डोक्यावर कुठेतरी घण बसायला लागले. विटा सरकल्या, उजेडाची रेघ आत आली आणि मागोमाग अग्निशमन दलाच्या जवानाचं हेल्मेट.

"बाई, हलू नका. काढतो तुम्हाला."

"माझं राहू द्या. कपाटामागे पोरं आहेत. चौघं बोलतायत, एक मुलगी बोलत नाही. अजिबात बोलत नाही हो. तिला आधी बघा. पाया पडते तुमच्या."

जवान मागे वळला. बाहेर कोणाशी तरी बोलला. मग पुन्हा आत वाकला.

"बाई, चौघं बाहेर आहेत. तुमच्या मदतनीस मावशींनी तेव्हाच खिडकीतून काढली त्यांना. समोरच्या ओट्यावर बिस्किटं खात बसलीत. एकच मुलगी सापडत नाहीये."

"काहीतरीच काय. आत्ता बोलली ती चौघं माझ्याशी. सगळी. नंबराप्रमाणे."

जवानानं बॅटरी कपाटावरून पलीकडे धरली. कोपऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन, धुळीनं पांढरी झालेली मुंगी एकटीच बसली होती. तिनं उजेडावर हात धरला, बाईंकडे पाहिलं आणि शेळीच्या आवाजात विचारलं, "बाई, आता कोनाचा नंबल?"