दहा घरांचं कार्ड

"सहा वेळा खाल्लं की पैसे वसूल. वरची चार जेवणं फुकटात," बाप म्हणाला आणि त्याने खिडकीच्या कठड्यावर बोटं वाजवली.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा. लिफ्टचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगायचा आणि सहसा चुकायचा नाही. त्यामुळे आपण कुठेच चुकत नाही, असा त्याचा पक्का समज झाला होता.

उद्यानाच्या तिकीटघराशेजारी जेवणाच्या कार्डांची वेगळी खिडकी होती. आतल्या बाईंनी जाड पुठ्ठ्याचं कार्ड पुढे केलं. दोघांचं मिळून एक, त्यावर चौकोनी दहा घरं. दोघांनी एकदा खाल्लं की एका घराला भोक.

"एका दिवसात दहा नाही हो होत, दादा," बाई म्हणाल्या. "चार घरांचं घ्या. हे घेणारे मागून पस्तावतात."

"उरवणं आमच्या रक्तात नाही."

नऊ वर्षांची लेक टाचा उंचावून शेजारी उभी होती. बोलायला लागल्यापासून तिला सगळे 'वकील' म्हणत. तिने नियमांचा फलक वरपासून खालपर्यंत वाचला.

"सरबत यात धरलंय का?"

"हो."

"पेला फुटला तर?"

"कागदाचा असतो, बाळा."

"कार्ड दुसऱ्या कुणाला दिलं तर?"

"नाही चालत. नावं लिहिलेली असतात. दोघंही समोर हजर पाहिजेत. पैसे परत नाहीत, पण वर्षभर चालतं."

"आइस्क्रीमला अख्खं घर जातं की अर्धं?"

"अख्खं."

वकिलाने मान हलवली. "घ्या, बाबा. दहाचं."

बाप खूश झाला. पोर पूर्वी त्याला 'अरे बाबा' म्हणायची, गेल्या दोन वर्षांत 'तुम्ही' म्हणायला लागली होती. पण दहाचं घ्या म्हणाली, म्हणजे पोटभर खाणार, हसणार. आणि आज तिने हसायलाच हवं होतं. सकाळी तिची आई दारात म्हणाली होती, "संध्याकाळी हिचा चेहरा बघते. मग ठरवू, पुन्हा पाठवायची की नाही."

आईच्या घरात काही वाया जात नसे. टूथपेस्टची नळी मधोमध कापून आतली पेस्ट निघायची, पावाच्या कडा वाळवून डब्यात जायच्या. आयुष्यात तिने एकच वस्तू टाकून दिली, ती म्हणजे नवरा. हा विनोद बाप स्वतःच मित्रांना सांगायचा. सगळे हसले की तो चहाचे पैसे द्यायला उठायचा.

"कार्ड माझ्याकडे द्या," वकील म्हणाली. तिने ते खिशात घातलं आणि खिशाचं बटण लावलं.

पहिलं घर अकरा वाजता गेलं. सँडविच आणि सरबत. मग उंच पाळण्यात लेकीने त्याचा हात घट्ट धरला आणि गळा फाटेपर्यंत ओरडली. बापाने खालच्या मोटरचा आवाज ऐकला आणि 'एकदम ठणठणीत आहे' असं तिला सांगितलं. सगळं कसं हिशेबाप्रमाणे चाललं होतं.

एक वाजता ती म्हणाली, "भूक नाही."

दोन वाजता म्हणाली, "नको."

तीन वाजता ती आइस्क्रीमच्या गाडीपाशी एका मुलाच्या हातातल्या कोनाकडे बघत उभी राहिली. बापाने लगेच कार्ड मागितलं.

"घसा दुखेल," असं म्हणून ती पुढे चालू लागली.

"मग मी तरी काही खातो."

"एका घरात दोघांचं असतं. एकट्याने खाल्लंत तर निम्मं वाया."

हे त्याला पटलं. पटणारच, हिशेब त्याच्याच वळणाचा होता. त्याच्या पोटात कावळे ओरडत होते आणि लेकीच्या खिशात नऊ जेवणं होती.

चार वाजता बाकावर बसून तिने आईने दिलेला बिस्किटांचा पुडा काढला. अकरा बिस्किटं निघाली. पाच त्याला, पाच स्वतःला, अकराव्याचे दोन तुकडे. तिची पाच बघता बघता संपली. नंतर तिने पुड्यातला चुरासुद्धा तळहातावर घेऊन खाल्ला.

बापाचं बिस्कीट हातातच राहिलं. म्हणजे भूक होती. त्याने दिलेलं नको होतं, आईच्या पिशवीतलं चाललं.

त्याला फार वाईट वाटलं. लिफ्ट अडकली तर कुठली पेटी उघडायची ते त्याला कळत होतं. इथे कुठे हात घालायचा?

"माझ्याबरोबर करमत नाही का गं?" परत येताना बसमध्ये त्याने विचारलं.

"करमतं की," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. खिशावरचा हात तिने काही काढला नाही.

आई दारातच उभी होती. तिने लेकीचा चेहरा बघितला. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले.

"जेवलीस का?"

"एक सँडविच. अकरा वाजता."

"आणि त्यानंतर?"

"तू दिलेली बिस्किटं."

आईने बापाकडे असं बघितलं की तो पायपुसणं न्याहाळायला लागला. "पोरीला दिवसभर उपाशी ठेवलंस? बघितला मी चेहरा. झालं माझं ठरवून."

बाप जिन्याकडे वळला.

वकिलाने खिशाचं बटण काढलं आणि कार्ड आईच्या हातात दिलं.

"आई, नऊ जेवणं उरलीत. पैसे परत मिळत नाहीत, दुसऱ्या कुणाला देता येत नाहीत, आणि बाबा हजर नसला तर मलाही मिळत नाहीत. वर्षभर चालतात," ती म्हणाली. "टाकून द्यायची का?"