चौदाव्या महिन्यातली सोनोग्राफी

हर्षालीला चौदावा महिना लागला, तरी डॉक्टर सबनीस म्हणत होते, सगळं नॉर्मल आहे. खोल समुद्रातल्या मुशीचं, म्हणजे शार्कचं, जीन टोचून घेतलेल्या बाईला दोन वर्षं पोट वागवावं लागतं, हे टोचताना कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा फक्त दीडशे वर्षांच्या आयुष्याचं गाजर दाखवलं होतं.

आज पडद्यावर एकच बाळ दिसलं.

"गेल्या महिन्यात दोन व्हती," सासू चांगुणाबाई म्हणाली.

"एक विरघळलं. होतं असं कधी कधी."

"विरघळलं? डॉक्टर, चाळीस वर्षं बंदरावर मुशी कापते मी. तुमी जिचं टोचलंत, तिच्या पोटात शेवटी एकच पिल्लू गावतं. थोरलं धाकट्याला खातं. तिचं पोट फाडलं की आमी कोळणी लगेच आत हात घालत नाय, पिल्लू चावतं. हे तुमाला ठाऊक नवतं, का आमाला सांगायचं नवतं?"

डॉक्टर पडदा पुसत राहिले. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

हर्षालीने पोटावरचा हात काढून घेतला.

"आई," ती सासूला म्हणाली, "अजून दहा महिने आहेत. आता ते काय खाणार?"