चौथा शेवट

"एवढा एक डाव खेळते, भाऊजी. मग काढा वायर," वहिनी म्हणाली.

घर रिकामं झालं होतं. गाद्या वळकटी करून दोरीने आवळल्या होत्या, भांडी खोक्यांत गेली होती. दारावरची भावाच्या नावाची पाटीसुद्धा दिराने स्वतःच्या हाताने काढून वहिनीच्या पिशवीत ठेवली होती. पाटीचे स्क्रू अजून त्याच्याच खिशात होते. टेबलावर कॉम्प्युटर तेवढा राहिला होता आणि खाली टेम्पो उभा होता. वहिनी कायमची आपल्या आईकडे निघाली होती. तिकडे तिला नोकरी मिळाली होती. परवा हजर व्हायचं होतं.

पडद्यावर एक नावाडी वल्हं मारत होता. हा खेळ भावाने बनवला होता. खेळ पुरा झाला आणि पुढच्याच आठवड्यात भाऊ घरातून निघून गेला. त्याला दोन वर्षं झाली. फोन नाही, निरोप नाही. जाण्याआधी बायकोला एवढंच म्हणाला होता, की खेळाला चार शेवट आहेत. चौथ्यात नावाडी घरी येतो. तो तुझ्यासाठी लिहिलाय.

नाव बुडाली.

"हे बुडाले," वहिनी म्हणाली. "काल धुक्यात हरवले. परवा भलत्याच किनाऱ्याला लागले. घरात होते तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानात जायचा आळस, आणि आता बघा." ती टेबलापासून बाजूला झाली. "चौथा एकदा डोळ्यांनी दिसला असता ना, भाऊजी, तर डोकं शांत झालं असतं."

वरच्या मजल्यावरच्या शेजारणीचा निरोप घ्यायला ती गेली. खाली टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला.

दिराने वायरला हात घातला आणि काढून घेतला. खेळ आतून कसा लिहितात हे भावानेच त्याला कधीकाळी शिकवलं होतं. त्याने खेळाची फाईल उघडली.

सगळं साधंच होतं. डाव संपत आला की कॉम्प्युटर मनाला येईल तो एक आकडा काढणार. विसापर्यंतचा निघाला तर नाव बुडणार, चाळिसापर्यंतचा निघाला तर धुकं, साठपर्यंतचा निघाला तर परका किनारा. साठाच्या वर निघाला, तर घर. घराचा भाग भावाने खरंच लिहिला होता. आणि मन लावून लिहिला होता: दार, दिवा, काढून ठेवलेल्या चपला. फक्त आकडा एकपासून साठपर्यंतच काढायचा, असं वर लिहून ठेवलं होतं. साठाच्या वर तो कधी जाणारच नव्हता.

चूक म्हणावी, तर भाऊ गॅसचं बटण तीनदा तपासणारा माणूस.

 दिराने एकाच्या जागी एकसष्ट केलं आणि साठच्या जागी शंभर.

"अजून आवरलं नाही?" वहिनी दारातूनच म्हणाली. "तो खाली शिव्या घालतोय."

"घालू द्या. शेवटचा एक डाव खेळा, वहिनी. प्रवासाला निघताना बुडून कशाला निघायचं?"

ती हसली. उभ्याउभ्याच खेळायला लागली. नाव धुक्यात शिरली, तशी तिने सवयीने मान हलवली. मग धुकं विरळ झालं. किनारा आला. नावाडी पायऱ्या चढला, त्याने चपला काढल्या आणि भिंतीला लावून नीट ठेवल्या. दार उघडलं. पडद्यावर अक्षरं उमटली: 'उशीर झाला गं.'

वहिनी खाली बसली. खुर्ची टेम्पोत गेली होती, ती जमिनीवरच बसली.

"असंच म्हणतात," ती म्हणाली. "अगदी असंच."

दिराला बरं वाटलं. त्याने तिला मनसोक्त रडू दिलं. मग हळूच म्हणाला, "चला आता. शांत मनाने चला."

"कुठे?"

ती उठली, पदराने तोंड पुसलं आणि खिडकीतून वाकून टेम्पोवाल्याला ओरडून म्हणाली, "दादा, सामान उतरवा. वर आणा सगळं."

"वहिनी, अहो, नोकरी—"

"नोकरीचं काय घेऊन बसलात? इतके दिवस आला नाही तो शेवट, आणि आजच येतो? मी उंबरठ्यात असताना?"

"वहिनी, तो आकडा..."

"कसला आकडा?"

तिचा चेहरा त्याने दोन वर्षांत असा पाहिला नव्हता.

"काही नाही," तो म्हणाला.

तिने पिशवीतून पाटी काढली. त्याने खिशातून स्क्रू काढून दिले. खाली टेम्पोवाला कोणाच्या तरी नावाने बोंबलत होता. वहिनीने दारावर जुनी भोकं शोधली आणि पाटी दिराच्या हातात दिली.

"सरळ धरा, भाऊजी. वाकडी दिसली, तर आल्या आल्या त्यावरूनच बोलतील."