‘मीठ’ची तारीख

“पण ही विकायला कुठल्या दुकानात होती?” शशिकांत राऊळने ॲमंडाला तिसऱ्यांदा विचारलं.

शशिकांतने हातातली कॅसेट उलटून पाहिली. कव्हरवर चार तरुण मिठागराच्या बांधावर उभे होते. वर ठळक अक्षरांत ‘मीठ’ असं नाव. गावच्या बोलीतली आठ रॉक गाणी. वरचं प्लॅस्टिकही अजून फाडलेलं नव्हतं.

शशिकांत टेलिफोन खात्यात कारकून होता. भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीत राहायचा आणि तिथल्या एका साप्ताहिकात छोटंसं सदर लिहायचा. या आठवड्यात कुठल्या रॉक किंवा पॉप अल्बमला किती वर्षं झाली, एवढाच त्याचा विषय. पाच वर्षांत त्याची एकही तारीख चुकली नव्हती. ऑफिसात साहेबाच्या शिव्या खाऊन आला, तरी या एका गोष्टीची त्याला ऐट होती.

ॲमंडा उत्तनच्या शाळेत शिकवायची. पंधरा दिवसांपूर्वी तिचं पत्र आलं. ‘माझ्या भावांच्या अल्बमला येत्या चौदा नोव्हेंबरला दहा वर्षं होतील. तुमच्या सदरात दोन ओळी आल्या तर बरं होईल.’ शशिकांतने जुने अंक चाळले, कॅसेट कंपन्यांच्या याद्या पाहिल्या. सत्त्याऐंशी सालात ‘मीठ’चा कुठेच पत्ता नव्हता. म्हणून रविवारी दुपारी बस पकडून तो उत्तनला तिच्या घरी आला होता.

“कुठंच नव्हती,” दारातून आवाज आला.

ॲमंडा दचकून उभी राहिली. दारात तिचा थोरला भाऊ फ्रँक होता. कव्हरवरचा गिटारवाला तोच, पण आता डोक्यावरचे केस विरळ झालेले, हातात मासळीची टोपली.

“पत्र तू लिवलंस?” त्याने बहिणीला विचारलं. तिने मान हलवली. फ्रँकने टोपली खाली ठेवली आणि शशिकांतकडे वळला.

“त्या दिवशी संध्याकाळी चर्चच्या मैदानावर कॅसेट निघनार होती. स्टेज बांधायचं म्हनून सकाळी मी बोटीवर गेलो न्हाय. माज्या बदली डिलन गेला. धाकटा. आमचा ड्रमवाला. जाळ्याच्या दोरात त्याचा पाय अडकला.”

पुढचं ॲमंडाने सांगितलं. डिलनला किनाऱ्यावर आणलं, तेव्हा मैदानात लाइट लावून झाले होते. दुसऱ्या दिवशी फ्रँकने कॅसेटची चारही खोकी खाटेखाली सरकवली. एकही बाहेर जाऊ दिली नाही. घरात कधी लावू दिली नाही. गिटारला तर त्याने पुन्हा हातच लावला नाही.

शशिकांतच्या तोंडून निघालं, “विक्रीला आलीच नाही, तर प्रकाशित झाली असं मला लिहिता येणार नाही. चुकीची तारीख मी छापत नाही.” बोलल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. काउंटरवर फॉर्म परत करताना तो याच आवाजात बोलायचा.

“सर, दरवर्षी चौदा तारखेला चर्चमध्ये डिलनसाठी मिस्सा असते, प्रार्थना होते,” ॲमंडा म्हणाली. “डिलन कसा गेला, तेवढंच लोक बोलतात. तो किती छान वाजवायचा, हे एकदा तरी छापून यायला नको का? तुम्ही इतक्या अल्बमांबद्दल लिहिता. ते सगळे ऐकलेत तुम्ही?”

निम्मेही ऐकले नव्हते. “नाही,” तो म्हणाला. “हा ऐकू का?”

“न्हाय,” फ्रँक म्हणाला.

ॲमंडाने शशिकांतच्या हातातून कॅसेट घेतली. तिने नखाने प्लॅस्टिक फाडलं आणि कॅसेट टेपमध्ये टाकली. दहा वर्षांत तिने भावाचा शब्द पहिल्यांदाच मोडला होता.

फ्रँक तडक बाहेर निघाला. तो पायरीपर्यंत पोहोचला, तोच टेपमधून कोणीतरी खळखळून हसलं. मग एक कोवळा आवाज आला, “ए फ्रँक, घाई नको करू हां. वन, टू, थ्री...” आणि ड्रम सुरू झाला.

रेकॉर्डिंगच्या वेळचं ते बोलणं कापायचं राहून गेलं होतं.

फ्रँक जागच्या जागी उभा राहिला. मग पायरीवरच बसला, त्यांच्याकडे पाठ करून. चार गाणी संपली. टेप खट्‌कन बंद झाली. कोणी हललं नाही. शेवटी फ्रँक स्वतः उठला, आत आला आणि त्याने कॅसेटची बाजू बदलली.

आठवं गाणं संपलं, तेव्हा ऊन उतरलं होतं.

“हसला तो,” फ्रँक म्हणाला. “त्याचा पान्यातून काढलेला चेहरा तेवढा डोळ्यापुढं असायचा. हसनं आठवतच नव्हतं मला.” त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि तो आतल्या खोलीत गेला.

शशिकांत बससाठी उठला. ॲमंडाला काय सांगावं, ते अजून त्याला कळत नव्हतं. चौदा नोव्हेंबर सत्त्याऐंशी तो लिहू शकत नव्हता, आणि काहीच न लिहिणं आता त्याच्याच्याने होणार नव्हतं.

आतून खाट सरकवल्याचा आवाज आला. फ्रँक खांद्यावर एक खोकं घेऊन बाहेर आला. केसांत, भुवयांत धूळ.

“भायंदरला कॅसेटचं दुकान रविवारचं उघडं असतं?”

“स्टेशनजवळचं असतं,” शशिकांत म्हणाला. “आठपर्यंत.”

“मंग चला, मी पन येतो,” फ्रँक म्हणाला. “आनि पेपरात तारीख आजची लिवा.”