सुनेचं हिरवं लुगडं

माझ्या माहेरी रंगाऱ्याचं काम. निजामाच्या राज्यात, लढाईच्या दिवसांत, जालन्यात नवं कापड मिळेना, म्हणून लोक जुनीच लुगडी आमच्या अप्पांकडून रंगवून नेसायचे. एकदा शेजारच्या गल्लीतल्या गोजरबाई सुनेचं लग्नातलं हिरवं लुगडं पदराखाली लपवून घेऊन आल्या.

"काळं करून द्या, अप्पा."

अप्पांनी डोक्यावरची टोपी काढली. "अरेरे! तुमचा पोरगा धर्मराज गेला?"

"अजून न्हाई. पन ताप उतरून न्हाई राह्यला, वैद्यानं हात टेकले. उद्या सुतकात मी घराभाईर कशी पडू? अन् मंग सुनेला हिरवं कसं चालंल?"

"तिला ठाव हाय का हे?"

"तिला कशाला सांगू? ती त्याच्या उशापासून हलून न्हाई राह्यली."

अप्पांचं मन धजत नव्हतं. पण गोजरबाई काही उठेनात. शेवटी अप्पांनी लुगडं रंगात बुडवलं.

आठवड्यानं गोजरबाई रडत, धापा टाकत आल्या. अप्पांनी खाली मान घालून काळं लुगडं पुढे केलं.

"ते नको. धर्मराज बरा झाला. सकाळी भाकर मागितली त्यानं."

अप्पांचा चेहरा खुलला. "मंग रडता कशाला, बाई? साखर वाटा की!"

 

"त्याचा ताप सुनेला लागला, अप्पा. गेली ती, म्हून सुतकातच भाईर पडले. सवाष्णीला काळ्यात कसं न्यावं? कुणाचं हिरवं वाळत असलं तर द्या."