गेलेली अठरा पानं

“अठरा पानं गेलीत,” वाचनालयाच्या अध्यक्षांनी तो जाडजूड ग्रंथ ग्रंथपालाकडे वळवला. “पात्यानं कापलीत. शिलाईपाशी बोटभर पट्ट्या तेवढ्या उरल्यात.”

फुलपाखरं आणि पतंगांचा तो फार जुना ग्रंथ. त्यातलं एकेक चित्र हातानं रंगवलेलं. वाचनालयात त्याच्याइतकं देखणं दुसरं काही नव्हतं. अध्यक्षांनी तो प्रदर्शनात मांडायला म्हणून कपाटातून काढला होता.



“हा ग्रंथ मागतं कोण?”

ग्रंथपालानं रजिस्टर पुढे केलं. गेल्या दहा वर्षांत त्या ग्रंथापुढे एकाच माणसाच्या सह्या होत्या. सगळ्या गुरुवारच्या.

मास्तर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या हाताखाली पेन्सिल धरली होती. दर गुरुवारी अकराला यायचे, खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचे आणि दुपारपर्यंत भिंगातून पतंगांचे पंख न्याहाळायचे.

त्या गुरुवारी अध्यक्ष आधीच येऊन बसले होते. त्यांनी मास्तरांची पिशवी उघडायला लावली. भिंग, वही, पट्टी.

“पट्टी कशाला?”

“मोजायला.”

“काय मोजता?”

मास्तर घुटमळले. “जी पानं नाहीत, ती.”

“म्हणजे पानं गेलीत हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

मास्तरांनी ग्रंथपालाकडे पाहिलं. “बोललो असतो तर यांच्या नोकरीवर आलं असतं. घरी आजारपण होतं त्यांच्या.”

“तुम्ही सांगा,” अध्यक्ष ग्रंथपालाला म्हणाले. “दुसरं कोणी हात लावतं का याला?”

ग्रंथपालाची नजर रजिस्टरवरून हलली नाही. “यात दुसऱ्या कुणाचं नाव नाही, साहेब.”

सभासदत्वाचं कार्ड मास्तरांनी टेबलावर ठेवलं, नीट, कडेला समांतर, आणि पिशवी उचलून गेले.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. शाळेत त्यांच्या नावानं दिलं जाणारं बक्षीस गुपचूप बंद झालं. रस्त्यात भेटणारे जुने विद्यार्थी घाईत असल्यासारखे पुढे जाऊ लागले. मास्तरांच्या हे जिव्हारी लागलं. चार महिन्यांत ते गेले.

त्यानंतर ग्रंथपालाला गुरुवार खायला उठू लागला. अकरा वाजले की खिडकीजवळची खुर्ची सरकल्याचा आवाज येई. मान वर करावी तर तिथे कुणी नसे. एकदा तर भानावर आला तेव्हा तो ग्रंथ त्यानं स्वतःच काढून त्या टेबलावर ठेवला होता, भिंगासाठी उजवीकडे जागा सोडून. घरी जावं तर तिथेही कुणी नव्हतं. सहा वर्षं अंथरुणाला खिळलेली बायको गेल्या थंडीत गेली होती. तिची खोली त्यानं तेव्हापासून उघडलेली नव्हती.

मग एका गुरुवारी खुर्ची खरोखरच सरकली. मास्तरांची मुलगी येऊन बसली होती. मांडीवर मोठं चित्रांचं फोल्डर.

“बाबांनी तुमच्या हातात द्यायला सांगितलं होतं. मलाच धीर होत नव्हता इकडे यायचा.”

त्यानं फोल्डर उघडलं. पतंग. राखी, पिवळसर, शेंदरी. पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके. एकूण अठरा.

“तरुणपणी त्यांनी या ग्रंथावरून वह्या भरभरून चित्रं काढली होती,” ती सांगत होती. “त्या आधाराला होत्या. रंग जुळवायला मात्र उरलेली चित्रं बघावी लागायची, म्हणून इथे यायचे. शेवटची चार इथे येणं बंद झाल्यावर काढली, नुसत्या आठवणीवर. माप बरोबर आहे, पट्ट्यांना चिकटवली की ग्रंथ पुन्हा पुरा होईल, म्हणाले.”

“माझ्याबद्दल काही...” त्यानं विचारलं.

“म्हणाले, ग्रंथपालांना द्या. त्या पुस्तकावर त्यांचा जीव आहे.”

संध्याकाळी तो फोल्डर काखेत मारून घरी आला. चपला काढल्या, हात धुतले, कोरडे केले. मग बायकोच्या खोलीचं कुलूप काढलं आणि खिडकी उघडली.

रिकाम्या खाटेवर त्यानं मास्तरांची पानं ओळीनं मांडली आणि एकेक उचलून ताडून पाहू लागला, तिला पडल्या पडल्या दिसावीत म्हणून समोरच्या भिंतीवर त्यानं एकेक आणून लावलेल्या मूळ अठरा पानांशी.